इटॅलिक अक्षर कुणाचं: आल्दुसचं की ग्रिफ्फोचं?

खिळेजुळारी
इटॅलिकचं, म्हणजे छपाईतल्या तिरप्या रोमन लिपीतल्या अक्षराचं, श्रेय सर्रास व्हेनिसचा प्रकाशक आल्दुस मानुत्सिओ याला दिलं जातं. मला ते पटत नाही. पोलादी पंचाच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, पंच तांब्याच्या तुकड्यात ठोकून मातृका म्हणजे साचा करायचा आणि त्यात छपाईचे धातूचे खिळे ओतायचे, असं ते काम. सगळी कला त्या कोरण्यात, आणि कोरलं बोलोन्याच्या फ्रान्चेस्को ग्रिफ्फोने. आल्दुसने मात्र १५०२ मध्ये व्हेनिसच्या सिनेटकडून, म्हणजे राज्यसभेकडून, या अक्षराचा मक्ता स्वतःच्या नावावर घेतला. ज्याने कोरलं त्यालाच ते व्हेनिसात दुसऱ्या कुणाला विकता येईना. हा सरळ अन्याय आहे.

जुनी_पोथी
अन्याय कसला? रोमन कवी व्हर्जिलच्या १५०१ च्या आवृत्तीत हे अक्षर पहिल्यांदा पुस्तकभर आलं, तिथेच आल्दुसने तीन ओळींचं कवन घालून बोलोन्याच्या फ्रान्सिस्कोच्या हातांची स्तुती केली. त्या काळी किती मालकांनी कारागिराचं नाव छापलं? तिरपं वळणही ग्रिफ्फोचं नव्हे, कचेऱ्यांतले लेखनिक तसंच लिहीत. ते हातात मावणाऱ्या पुस्तकांत आणायची दृष्टी आल्दुसची, पैसाही त्याचाच. मक्ता घेऊनसुद्धा फ्रान्समधल्या ल्योंच्या छापखान्यांनी नकला केल्याच.

खिळेजुळारी
लेखणी दोन अक्षरं सहज सांधते, खिळे सुटे असतात. ती सलगता धातूत आणण्यासाठी जोडीने येणाऱ्या कितीतरी अक्षरांचे एकत्र खिळे ग्रिफ्फोने कोरले. १५०३ मध्ये इटलीतल्या फानो गावच्या सोन्चिनो या मुद्रकानेही आल्दुसची सगळी अक्षरं ग्रिफ्फोचीच असल्याचं छापलं. स्वतः ग्रिफ्फोने स्वतः छापलेल्या पेत्रार्का या कवीच्या १५१६ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलंय की आपल्या अक्षरांवर आल्दुसने अमाप संपत्ती आणि अमर कीर्ती मिळवली. हे वाचून मला अजून चीड येते.

जुनी_पोथी
सोन्चिनो प्रतिस्पर्धी छापखानेवाला होता. त्याची साक्ष जपूनच घ्यायला हवी.

शाईचा_डाग
दोघंही इटॅलिकवरच अडलात. ग्रिफ्फोचं मोठं काम म्हणजे १४९६ मध्ये बेंबो या लेखकाच्या 'दे एत्ना' पुस्तकासाठी कोरलेलं रोमन, म्हणजे सरळ उभं अक्षर. मोठी (कॅपिटल) अक्षरं b, d, l सारख्या छोट्या अक्षरांच्या उभ्या दांड्यांपेक्षा किंचित बुटकी, त्यामुळे ओळ कुठेच खुपत नाही. पुढे फ्रेंच कोरणाऱ्यांनी हाच नमुना उचलला. मोनोटाइप या अक्षरं बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीने १९२९ मध्ये ते अक्षर पुन्हा काढलं आणि नाव दिलं 'बेंबो'. तिथेही लेखकाचंच नाव! शेवटी जावयाच्या खुनाचा आरोप येऊन ग्रिफ्फो कागदपत्रांतून नाहीसा होतो. पण त्याने कामाचं मोल कमी होत नाही.

जुनी_पोथी
रोमनबद्दल वाद नाही. पण ते कोरायला लागणारी वर्षं आणि पैसा आल्दुसशिवाय कुणी पुरवला असता? बोलोन्यात स्वतःचा छापखाना काढल्यावर ग्रिफ्फोच्या हातून मोजकीच पुस्तकं निघाली.