सारवलेल्या अंगणात लोखंडी गोळे: फ्रेंच बाई, इंग्रज बुवा आणि मधे मी

आगरातली सूनबाई (गुहागर तालुका)

मंडळी, प्रश्न अंगणाचा आहे, पण आधी माणसं सांगते, नाहीतर कळायचं नाही.

आमच्या माडीवरच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. एरवी पुण्यामुंबईचे येतात, दोन रात्री राहतात, मोदक खातात, जाताना कोकम आगळाच्या बाटल्या नेतात. यंदा जानेवारीत एक जोडपं आलंय ते थेट शिमग्यापर्यंत. ती फ्रेंच, तो इंग्रज. दोघांची साठी उलटलेली, लग्नाला ३२ वर्षं झाली. राहतात तिच्या देशात. (परदेशी पाहुण्यांची सरकारी नोंद करावी लागते, ती दोघांची २४ तासांच्या आत केलीय. त्यावरून कुणी शहाणपण शिकवू नये.)

आपसात ती फ्रेंच बोलते, तो इंग्रजीत उत्तर देतो. भांडण मात्र दोघंही फ्रेंचमध्येच करतात. तो म्हणतो, इंग्रजीत भांडायला गेलं की तोंडातून ‘सॉरी’च येतं.

सकाळी तिला कपात कॉफी चालत नाही, वाडगा लागतो. आमटीचा एक स्टीलचा वाडगा तिच्यासाठी बाजूला ठेवलाय. पावाला लोणी आणि जॅम लावते नि तो तुकडा सरळ कॉफीत बुडवते. वर लोण्याचे डोळे तरंगतात. नवरा ते बघवत नाही म्हणून आपला दुधाचा चहा घेऊन ओटीवर जाऊन बसतो. सासूबाई पहिल्या दिवशी टक लावून बघत होत्या. मग आपलं बटर चहात बुडवत म्हणाल्या, “ही आपल्यातलीच आहे गं.”

रात्रीच्या जेवणाचंही तसंच. त्याला साडेसहाला भूक लागते, ती आठच्या आत ताट घेत नाही. आम्ही साडेसातला जेवतो, तो तोडगा दोघांनी कुरकुरत मान्य केला.

आता छंद. त्याची दुर्बीण. रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन काकण कधी येतो त्याची वाट बघत बसतो (समुद्री गरुड हो, आमच्याकडे काकणच म्हणतात). दुपारी इंग्रजी शब्दकोडी. ती सरळ नसतातच, प्रत्येक सूचनेत शब्दांची लपवाछपवी. ३२ वर्षांत आपल्याला एकही सुटलं नाही असं ती अभिमानाने सांगते. तिची कोडी वेगळी, सूचना चौकटीच्या आतच लिहिलेल्या आणि शेजारी बाण. दोघं शेजारी बसून वेगवेगळी कोडी सोडवतात आणि तासभर एक शब्द बोलत नाहीत. मला आधी वाटलं भांडलेत. नाही, ते त्यांचं बरं चाललेलं असतं.

दोघांनी मिळून करायची गोष्ट एकच, गोळ्यांचा खेळ. आणि धुसफूसही नेमकी त्यावरूनच.

तिचा खेळ पेतांक. कपडे कमी आणलेत पण सामानात सहा लोखंडी गोळे, एकेक सातशे ग्रॅमचा. म्हणजे सव्वाचार किलो लोखंड विमानातून आलं आणि आमच्या जिन्यावरून माझ्या नवऱ्याने वर नेलं. जमिनीवर एक रिंगण आखायचं, त्यात दोन्ही पाय रोवून उभं राहायचं, आणि ६ ते १० मीटरवर टाकलेल्या लाकडी गोटीच्या जास्तीत जास्त जवळ आपला गोळा न्यायचा. त्या गोटीला ते डुकराचं पिल्लू म्हणतात. पहिले १३ गुण करेल तो जिंकला. दुसऱ्याचा गोळा उडवण्याला ‘तिरे’ म्हणतात. माझ्या मुलाने त्याचा लगेच ‘तीर’ केला आणि आता आख्ख्या वाडीतली पोरं तीर मारायला येतात.

त्याचा खेळ बोल्स. वडील पांढरे कपडे घालून खेळायचे म्हणे. गालिच्यासारखं कापलेलं गवत लागतं, जवळपास ४० मीटर लांब. गोळा मुद्दाम एका अंगाला कललेला घडवलेला, त्यामुळे सरळ न जाता वळण घेत गोटीपाशी पोचतो. ते वळण जमवणं हीच कला. तिचा खेळ म्हणजे त्याच्या मते नुसते धोंडे मारणं. ती म्हणते, तुझ्या खेळाला आधी माळी लागतो.

मुद्द्यावर येते. गेल्या आठवड्यात तिने आमच्या पुढच्या अंगणात डाव मांडला. दिवाळीआधी माझ्या नवऱ्याने ते अंगण खणून, माती भिजवून, चोपण्याने चोपून केलंय, मी दर आठ दिवसांनी शेणाने सारवते. सातशे ग्रॅमचा गोळा उंचावरून पडला की काय होतं ते तुम्हीच बघा: वाटीएवढे अकरा खड्डे, कडेने पोपडे सुटलेले. एक गोळा वाळत घातलेल्या सुपारीत शिरला. सासूबाई बोलल्या काहीच नाहीत, नुसतं तुळशीकडे बघितलं. ते जास्त लागलं.

तर विचारायचं आहे: १) गोठ्यामागे पोफळींच्या अलीकडे रिकामी पट्टी आहे, तिथे टिकेल अशी जमीन कशी करावी? २) बुवांना यात कसं ओढावं? ती एकटीच पोरांशी खेळते आणि हा ओटीवरून नाक मुरडतो. बाई बोलत नाही, पण चेहरा पडतो.

---

बोटीवरचा बाबल्या (मालवण)

अगो बाय, खळ्यात लोखंडाचे गोळे मारूक दिलंस? सासू घरात घेता ह्याच नशीब समज!

आता नीट लिहितो. मी मर्चंट नेव्हीत होतो, फ्रान्समधल्या मार्सेय बंदराला बोट लागली की संध्याकाळी आम्ही बंदरामागच्या चौकात जायचो. झाडाखाली म्हातारे हेच खेळत असायचे. वाकायचं नाही म्हणून दोरीला लोहचुंबक बांधलेलं, दोरी सोडायची, गोळा टक्कन चिकटतो, वर ओढायचा. तुमच्या पाहुणीकडे ते नसेल तर जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून करा, मी तसंच केलं होतं.

हा खेळ निघालाच मुळी दुखऱ्या माणसासाठी. मार्सेयजवळ ला सिओता नावाचं गाव आहे. तिथे १९०७-१०च्या सुमारास एका चांगल्या खेळाडूला संधिवाताने धरलं. तेव्हाच्या खेळात गोळा टाकताना पावलं टाकत पुढे धावायला लागायचं, ते त्याला जमेना. मग दोस्तांनी ठरवलं, सगळ्यांनीच पाय रोवून उभं राहून टाकायचं. नावाचा अर्थही तोच, रोवलेले पाय. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांनाही रिंगणात उभं करा, राग तिथेच जाईल.

आणखी एक. १३-० असा हरला त्याला फॅनी नावाच्या बाईच्या चित्रापुढे गुडघे टेकायला लावतात आणि मुका घ्यायला लावतात. कुठल्या जागी ते इथे लिहीत नाही, सासूबाई वाचत असतील.

---

देवगडची पोर (सध्या फोकस्टन, इंग्लंड)

ताई, वाचून खूप हसले. माझ्या शेजारी अगदी अशीच जोडी आहे, फक्त उलटी, तो फ्रेंच आणि ती इंग्रज. आमच्या इथून समुद्राखालच्या बोगद्याच्या गाडीने ३५ मिनिटांत पलीकडे फ्रान्स. हवा स्वच्छ असली की टेकडीवरून पलीकडचा किनाराही दिसतो. त्यामुळे यांचं घर म्हणजे दोन स्वयंपाकघरं एकात. ६ जानेवारीच्या सुमारास तो बदामाचं सारण भरलेला राजांचा केक आणतो, आत एक चिनीमातीची बाहुली लपवलेली. ज्याच्या तुकड्यात निघेल तो राजा, कागदी मुकुट घालून दिवसभर हिंडायचं. ती नोव्हेंबरच्या शेवटी नाताळचं पुडिंग ढवळते आणि घरातल्या प्रत्येकाला एकेकदा डाव फिरवायला लावते. मीसुद्धा फिरवलाय.

ब्रेक्झिटनंतरची (ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला ना, तेव्हाची) दोन वर्षं मात्र दोघं खेळ विसरून कागदच भरत होते. तुमच्या बुवांनाही तिकडे राहायचं कार्ड काढावं लागलं असेल. २०२०च्या अखेरीआधीपासून राहत होते त्यांचं निभावलं, नंतर गेलेल्यांची कटकट वेगळीच.

बुवांबद्दल माझं मत: त्याला खेळायला बोलावू नका. इंग्रज माणसाला खेळापेक्षा नियम आवडतात. त्याला टेप द्या. दोन गोळे गोटीपासून सारख्याच अंतरावर दिसले की मोजायला लागतं, आणि फ्रेंच माणसं त्यावरून तास तास वाद घालतात. पंच केलात की आपसूक उठून येईल.

---

चिरेखाण (रत्नागिरी)

गोठ्यामागची जागा चांगली. सिमेंट करू नका, गोळा उसळून गाईला लागेल. गवतही नको, पहिल्या पावसात दलदल. वरची माती वीतभर काढा, खाली चिऱ्याचे तुकडे भरा, वर चिरेखाणीतला लाल भुगा चार बोटं. पाणी मारून धुमसाने ठोका. सारवायचं नाही, भुसभुशीत खडा वरती राहिला पाहिजे, गोळा तिथे थांबतो. १२ मीटर बाय ३ मीटर पट्टी पुरते. कडेला माडाचे ओंडके आडवे टाका, नाहीतर गोळे पाटात जातील. किंचित उतार आगराच्या बाजूला द्या.

वाळूतही खेळता येईल, ओहोटीला ओली घट्ट वाळू असते तेव्हा. पण खाऱ्या पाण्याने लोखंड गंजतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि खोबरेल पुसा.

---

आगरातली सूनबाई

सतरा दिवसांनी लिहिते आहे, माफ करा. सुपारी सोलायची गडबड होती.

पट्टी झाली. भुगा दोन टेम्पो लागला, नवऱ्याने खर्चाचा आकडा सासूबाईंना अर्धाच सांगितलाय. पुढचं अंगण मी पुन्हा सारवलं, खड्डे बुजवायला फ्रेंच बाई स्वतः शेणात हात घालून बसली होती. जमतं तिला. कोपऱ्यात हाताचे फराटे अगदी आमच्यासारखे अर्धगोल काढले.

देवगडच्या ताई, तुम्ही इंग्रजांना ओळखता. मी बुवांना नुसतं म्हटलं, “जरा टेप धराल का?” आता रोज पाच वाजता ओटीवरून उठतो. त्याच्या वहीत तारीख, वार, गुण, आणि ‘वाद’ असा वेगळा रकाना आहे. परवा बायकोच्या विरुद्ध चार मिलीमीटरने निकाल दिला. तिने साडेसात वाजेपर्यंत अबोला धरला आणि मग जेवताना त्यालाच जास्तीचा मोदक वाढला. आता खेळायलाही लागलाय, पण गोळा हवेतून न टाकता जमिनीवरून सरपटत नेतो. चालतं म्हणे ते.

सासूबाई रिंगणात उभ्या राहतात. तीर मारत नाहीत, हळूच जवळ नेऊन ठेवतात. तीन डाव जिंकल्या. फॅनीचं त्यांना मी सांगितलेलं नाही, पण मुलाने ही चर्चा वाचलीय, तेव्हा किती दिवस राहतंय बघू.

एक अडचण उरली. ती लाकडी गोटी चौथ्याच दिवशी विहिरीत गेली. मग आम्ही एक गोल रोठा सुपारी सोलून तिच्या जागी घेतली, आकार जवळपास तोच. छान चाललं होतं. काल ११-११ असताना शेजारचा कुत्रा आला आणि सुपारी तोंडात धरून पोफळीत पळाला. जागेवर खूण केलेली नव्हती. डाव मोडला म्हणायचं, की परत मांडायचा, यावर दोघं काल रात्रीपासून फ्रेंचमध्ये बोलताहेत. बाबल्याभाऊ, नियम माहीत असेल तर लवकर लिहा.