बिऱ्हाड परराज्यात हलवताना: कोकणातल्या मंडळींचे अनुभव

आमचे बिऱ्हाड येत्या वर्षी रत्नागिरीहून दिल्लीला न्यायचे ठरले आहे. पत्नी नोकरीनिमित्त आधीच तिकडे रुजू झाली असून मागे मी, ७४ वर्षांची आई, सातवीतली मुलगी, एक दुचाकी आणि तीन पिढ्यांचे सामान असा पसारा उरला आहे. मुंबई-पुण्याला जाणे आमच्याकडे स्थलांतर समजलेच जात नाही, कारण रात्रीच्या एसटीने निघालेला माणूस सकाळी पोहोचतो आणि विसरलेली वस्तू दुसऱ्या दिवशीच्या गाडीने मागवता येते. येथे मात्र अंतर दीड हजार किलोमीटरहून अधिक आहे. विसरलेले ते विसरलेच. ज्यांनी असा लांबचा मुक्काम हलवला आहे त्यांनी काय नेले, काय मागे ठेवले आणि मुख्य म्हणजे कोणत्या महिन्यात निघाले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. नुसत्या याद्या नकोत. फसलेले बेत मला अधिक उपयोगी पडतील.

गुहागरहून जयपूरला

आम्ही जुलैत निघालो, हीच पहिली चूक. पावसाळ्यात घरातली प्रत्येक वस्तू दमट असते आणि त्याची आपल्याला इतकी सवय झालेली असते, की गाद्या, पुस्तके आणि लोकरीचे कपडे आम्ही तसेच प्लास्टिकमध्ये गुंडाळले. पैसे वाचवण्यासाठी स्वतंत्र ट्रक न घेता इतरांच्या सामानाबरोबर जाणारी गाडी ठरवली होती. असे सामान वाटेतल्या गोदामांत उतरवून पुन्हा दुसऱ्या गाडीत चढवले जाते. आमचे अकराव्या दिवशी पोहोचले, तेव्हा पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवट बुरशी धरली होती. शिवाय वाहतूकदाराने दर फोनवरच ठरवला होता, त्यामुळे सामान सांगितल्यापेक्षा जास्त निघाले असे म्हणून त्याने दारात जादा पैसे मागितले, आणि ट्रकमध्ये अडकलेल्या संसारासमोर घासाघीस करण्याची आमची हिंमत झाली नाही. घरी येऊन सामान पाहिल्याशिवाय दिलेल्या दराला मी आता दर मानतच नाही. नगांची संख्या, विम्याची रक्कम आणि उतरवण्याची मजुरी एकाच कागदावर लिहून घ्यावी.

दुसरी चूक कळायला मे महिना उजाडावा लागला. सासऱ्यांनी फणसाच्या लाकडाचे करून घेतलेले कपाट आम्ही हौसेने नेले होते. आपल्या हवेत लाकूड ओल धरून असते. तिकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ती ओल उडाली, फळ्या रुंदीत आकसल्या आणि एका दुपारी दाराला वरपासून खालपर्यंत चीर गेली. आवाज असा झाला, की शेजारची बाई काच फुटली समजून धावत आली. फळी चौकटीत खिळ्यांनी जखडलेली नसती तर तिला आकसायला वाव मिळाला असता, असे तिथल्या सुताराने सांगितले. जुने लाकडी सामान दिल्लीला नेण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चिपळूणहून बेंगळुरूला

मी मोटार घेऊन गेलो आणि कागद मागाहून करू म्हणालो, त्यामुळे रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयासाठी दोन वेळा परत यावे लागले. मोटार वाहन कायद्याप्रमाणे परराज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, त्यासाठी नमुना २८ भरून मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला काढावा लागतो, आणि वाहनावर कर्ज असेल तर त्याआधी बँकेचे संमतिपत्र लागते. नव्या राज्याचा कर आधी भरायचा आणि महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या कराचा उरलेला भाग नंतर परत मागायचा, अशी रीत असल्याने काही महिने दोन्हीकडे पैसे अडकतात. घरमालकाने अनामत म्हणून १० महिन्यांचे भाडे मागितले होते, ते वेगळेच. गॅसचे सिलिंडर व रेग्युलेटर एजन्सीत परत करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायला मात्र विसरलो नाही, त्यामुळे तिथे जोडणी चटकन मिळाली. मतदार यादीतील पत्त्यासाठी नमुना ८ आहे.

दापोलीहून लखनौला

मुलांची शाळा आपल्याकडे जूनमध्ये सुरू होते आणि केंद्रीय मंडळाच्या बहुतेक शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये. आम्ही येथले वर्ष व्यवस्थित संपवून, उन्हाळ्याची सुट्टी गावी काढून गेलो, तेव्हा तिथल्या वर्गात काही धडे होऊन गेले होते. राज्याबाहेर जाताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आमच्याकडे मागितली गेली, आणि ती नसल्यामुळे मुलगा पंधरा दिवस घरी बसला. दाखला हातात पडताच आधी ते काम उरकावे. मराठी हा विषय तिथे मिळाला नाही. ती आता आजीला लिहिलेल्या पत्रांपुरती राहिली आहे.

देवगडहून कोलकात्याला

आतापर्यंत सर्वांनी नव्या गावाविषयी लिहिले आहे. माझी निम्मी तयारी मागे राहणाऱ्या घराची होती, आणि तिला जास्त वेळ लागला.

कौलारू घर बंद ठेवले की पहिल्याच पावसात त्याचे वय कळते. एक कौल सरकले तरी पाणी वाशावर उतरते, वाशाला वाळवी लागते, आणि पाहणारे कोणी नसल्यामुळे ते दिवाळीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. पूर्वी चुलीच्या धुराने वासे काळे पडत, पण टिकतही असत. चूल विझली की किडीला रान मोकळे. म्हणून आम्ही मे महिन्यात शाकारणी करून घेतली, धान्याचा एक दाणा घरात ठेवला नाही आणि किल्ली वाडीतल्या काकींकडे दिली. दर आठ दिवसांनी खिडक्या उघडणे, पडवी झाडणे आणि तिन्हीसांजेला दिवा लावणे यासाठी महिन्याची रक्कम ठरवली. ती देताना काकींना फार संकोच वाटला. परंतु आपुलकीवर टाकलेले काम दुसऱ्या वर्षी ढिले पडते, असे मी भाऊबंदांत पाहिले होते. कलमांची बाग कराराने दिली. फवारणी कोणी करायची आणि वाळलेल्या फांद्या कोणी छाटायच्या हे कागदावर आणायला तीन बैठका लागल्या. घरपट्टी आणि वीजबिल फोनवरून भरता येते, एवढीच काय ती सोय.

गणपती कोठे आणायचा, यावर घरात सर्वांत जास्त चर्चा झाली. शेवटी तो देवगडलाच आणायचा आणि आम्ही यायचे, असे ठरले. रेल्वेचे आरक्षण आता १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, त्यामुळे ती तारीख मी दिनदर्शिकेवर तांबड्या शाईने लिहून ठेवतो.

मालवणहून चेन्नईला

उकडा तांदूळ आणि नारळ नेऊ नका, तिथे भरपूर मिळतात. आमसुले, कुळथाचे पीठ आणि तिरफळे न्या. सुकट मात्र कपड्यांच्या ट्रंकेत ठेवू नका. आमच्या साड्यांना तो वास पोंगलपर्यंत येत होता.

वेंगुर्ल्याहून गुवाहाटीला, आणि परत

वर इतक्या काळजीने सामान नेण्याविषयी लिहिले आहे, पण तीन वर्षांनी आम्हाला परत यावे लागले आणि तोच खर्च दुसऱ्यांदा झाला. पहिली दोन वर्षे भाड्याच्या जागेत, जुन्या बाजारातल्या खाटांवर काढावीत, असे मी म्हणेन. दुचाकी रेल्वेने पाठवता येते. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, नोंदणीपत्राची प्रत लागते आणि गोणपाट नीट बांधून घ्यावा लागतो. आमची पोहोचली, आरसा मात्र मोडून.

पुन्हा रत्नागिरीहून

सर्वांचे आभार. घरात बसून पुन्हा हिशेब मांडला. मुलीची शाळा लक्षात घेता मी आणि ती मार्चअखेरीस निघणार आहोत. दाखल्याची प्रतिस्वाक्षरी त्याआधी होईल असे पाहतो. फणसाचा पाट आणि आजोबांची पेटी येथेच राहील. आईने मात्र आंबे उतरल्याशिवाय हलणार नाही असे सांगितले आहे, त्यामुळे ती शाकारणी करून घेईल आणि कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागण्यापूर्वी मी तिला न्यायला येईन. रत्नागिरीला मंगला लक्षद्वीप आणि राजधानी दोन्ही थांबतात. वरची बर्थ मिळाली तर ती येणार नाही, अशी तिची अट आहे. दुचाकी विकावी की पाठवावी, एवढे अजून ठरलेले नाही.