व्हॅनिलिनचा वास आणि शुद्धता

'बाटली उघडल्यावर घमघमाट सुटतो, म्हणजे स्टँडर्ड (तुलनेसाठी ठेवलेला शुद्ध नमुना) अजून चांगलं आहे' हा वर कुणीतरी मांडलेला मुद्दा पटला नाही. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला वास देणारा पदार्थ, लेशमात्र असलं तरी नाकाला कळतं, त्यामुळे बाटलीतला काही भाग बिघडला तरी वास तसाच दरवळत राहतो. मेल्टिंग पॉइंटचं (पदार्थ कोणत्या तापमानाला वितळतो ते मोजणारं) यंत्र तपासायला आपण ते घेतो, कारण ते ८१ ते ८३ अंश सेल्सिअसच्या अरुंद टप्प्यात स्वच्छ वितळतं. दमट हवेत त्याचं हळूहळू ऑक्सिडेशन होऊन व्हॅनिलिक आम्ल बनतं. हे आम्ल स्वतः २०० अंशांच्या वर वितळतं, पण व्हॅनिलिनमध्ये थोडंसं मिसळलं की कॅपिलरीतली (बारीक काचेच्या नळीतली) पूड आधीच ओलसर दिसू लागते आणि टप्पा रुंदावतो. बिघाड इथे दिसतो, वासात नाही.

वाळवण्याबद्दल कुणी लिहिलेलं नाही, म्हणून सांगते. पावसाळ्यात आमच्याकडे एका नव्या मुलाने इतर स्टँडर्डांच्या सवयीने व्हॅनिलिनची वाटी १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवली. पूड वितळून तळाशी पिवळसर थर झाला आणि ओव्हनला कितीतरी दिवस आइस्क्रीमचा वास येत होता. व्हॅनिलिन सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) वाळवावं, गडद बाटलीत घट्ट झाकणाने ठेवावं. आणि मेल्टिंग पॉइंट मोजताना शेवटी शेवटी तापमान मिनिटाला एक अंशानेच चढवा. घाई केली की शुद्ध नमुन्याचाही आकडा जास्त येतो आणि मग दोष उगाच यंत्रावर जातो.