मदत हवी आहे: पॅरिसहून शातो गायार, गाडीशिवाय आणि बाबांच्या गुडघ्यासकट

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बहिणीकडे पॅरिसला जातोय. मी, बायको आणि बाबा. आयफेल, लूव्र वगैरे तिने ठरवून टाकलंय, तिथे माझं काही चालणार नाही. भांडून एक दिवस मिळवलाय आणि तो मला शातो गायारला घालवायचाय.

नॉर्मंडीत सीन नदीच्या वळणावर, लेझ आंदली गावाच्या डोक्यावर हा पडका किल्ला आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड, तोच सिंहहृदयी, नॉर्मंडीचाही ड्यूक होता. नॉर्मंडीची राजधानी रुआं, तिकडे येणारी वाट राखायला त्याने ११९६ ते ११९८ अशा जेमतेम दोन वर्षांत तो उभा केला. ११९९ मध्ये रिचर्ड गेला, आणि १२०४ च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपने सहाएक महिने वेढा घालून किल्ला घेतला. एवढा खर्च करून सहा वर्षं!

आता बाबा. वय ७२, डावा गुडघा बदललेला. उमेदीत राजगड-तोरणा एका दमात केलेला माणूस, त्यामुळे 'तुम्ही खाली बसा' म्हणायची सोय नाही. परवा किल्ल्याचा आराखडा छापून त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ बघत बसले आणि आग्नेयेच्या टोकाला पेन्सिलीने फुली मारली. "बाकी सगळीकडे उतार आहे, इकडे डोंगराची सोंड तशीच सोडलीय. येणारा इथूनच येणार." वेढ्याची हकिकत मी तोवर सांगितलीच नव्हती.

तर, गाडी न घेता जमेल का? चढ किती आहे? आणि बायकोला चित्रकार मोनेची जिव्हर्नीची बाग बघायचीय, ती त्याच दिवशी उरकेल का? जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

रुआंला राहते, दोनदा जाऊन आलेय.

लेझ आंदलीला रेल्वे नाही. पॅरिसच्या सॅं-लाझार स्टेशनवरून रुआंच्या गाडीने व्हेर्नोंला उतरा, तासाभराच्या आत पोचाल. जिव्हर्नी तिथून पाचेक किलोमीटर. बाग १ नोव्हेंबरनंतर थेट एप्रिलमध्ये उघडते, तुमच्या तारखा बसतात. सकाळी बाग, दुपारी किल्ला. पुढच्या टप्प्याला टॅक्सीच करा आणि परतीची वेळ आधीच पक्की करा, वर उभं राहून टॅक्सी मिळत नाही.

प्ती आंदलीतून, म्हणजे गावाच्या नदीकाठच्या भागातून, पायवाट वर जाते. अंतर थोडं, पण चढ छातीवरचा. दगड खडूसारखा पांढरा, पाऊस झाला की बुटाला लेप बसतो आणि पाय सटकतो. बाबांना तिथून नेऊ नका. टॅक्सी मागच्या पठारावरच्या वाहनतळापर्यंत जाते. तिथून किल्ला तुमच्या खाली दिसतो, मागे सीनचं अख्खं वळण. पुढे किल्ल्याकडे उतार आहे, त्याला भुलू नका, परत चढायचंय.

बाहेरचा भाग फुकट आणि उघडा. बालेकिल्ल्याला तिकीट आहे, हिवाळ्यात तो बंद. वार आणि वेळ पर्यटन कचेरीकडून विचारून घ्या. आत गेलात तर तटाला हात लावून चाला. सरळ भिंत नाहीच, एकाला एक चिकटलेले फुगवटे.

प्रतिसाद

व्हर्साय सोडून पडक्या भिंती? तुमच्या सौ. थोर आहेत.

प्रतिसाद

अवांतर: फ्रेंच सैनिक शौचकूपातून आत शिरले ही गोष्ट तिथे हमखास कानावर येईल. फिलिपबरोबर असलेल्या त्याच्या पाद्र्याने लिहून ठेवलंय त्यात खिडकी आहे, रिचर्डच्या भावाने, जॉनने, नंतर बांधलेल्या इमारतीची. शौचकूपही तिथलेच, म्हणून गोष्टीला पाय फुटले असावेत. पण मला त्या वेढ्यातलं लक्षात राहिलं ते वेगळंच. गावातली माणसं आश्रयाला किल्ल्यात शिरली होती. दाणागोटा संपेल म्हणून किल्लेदाराने त्यांना बाहेर काढलं. पहिल्यांदा निघालेल्यांना फ्रेंचांनी जाऊ दिलं, मागून आलेल्यांना नाही. ती दोन सैन्यांच्या मधल्या उतारावर थंडीत उपाशी राहिली, बरीचशी तिथेच मेली.

आणि तुमच्या बाबांची फुली बरोबर आहे. हल्ला त्याच सोंडेवरून झाला. वरच्या ताईंनी सांगितलेला वाहनतळही त्याच अंगाला आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. दुपारची टॅक्सी ठरवतोय. बाबांना म्हटलं, तुम्हाला चढायचंच नाही, फिलिपच्या बाजूने बघायचंय. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग माळ्यावरची दुर्बीण काढायला सांगितली.