मदत हवी आहे: जुन्या लॉरासाठी परवडणारं इंजिन ऑइल

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात, दांडिया बाजारात राहतो. बाबांची 2008ची स्कोडा लॉरा, 1.9 डिझेल, आता माझ्याकडे आलीये. 2 लाख 38 हजार किमी झालेत. इंजिन अजून खणखणीत आहे, फक्त दोन हजार किमीत डिपस्टिकवरचं ऑइल वरच्या खुणेवरून जवळजवळ खालच्या खुणेपर्यंत उतरतं. वयच झालंय, चालायचंच.

मेकॅनिककाका म्हणतात, "म्हातारी गाडी, जाड 20डब्ल्यू-50 ओत." मन धजत नाही. हे पंप-ड्यूझ इंजिन. यात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडाच, डिझेल फवारणारे इंजेक्टर दाबतो, त्यामुळे कॅमवर प्रचंड ताण येतो आणि त्यासाठीच व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) 505.01 मंजुरीचं ऑइल लागतं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही, म्हणजे त्यासाठीच्या महागड्या 507.00 मंजुरीच्या ऑइलची गरज नाही, एवढं मला कळतं.

505.01 छापलेलं 5डब्ल्यू-40 (काकांच्या 20डब्ल्यू-50पेक्षा पातळ) ऑइल स्वस्तात कुठलं घेता? नुसतं 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेला डबा नको, मागे मंजुरीचा आकडा हवा. आणि बडोद्यात अस्सल, सीलबंद माल देणारं दुकान कुठलं? मागच्या वेळी मिळालेल्या डब्याचं झाकण आधीच उघडलेलं वाटलं, तसाच परत केला.

बाबा रोज विचारतात, "ऑइल बदललंस का रे?"