मदत हवी आहे: मधमाशी विसरली, की तिला वासच आला नाही?

नमस्कार मंडळी,

पदव्युत्तर प्रकल्पासाठी इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचा मधमाशीच्या स्मरणशक्तीवर होणारा परिणाम बघतेय. मरणार नाही इतकीच मात्रा साखरेच्या पाण्यातून द्यायची आणि मग वास शिकवायचा.

पद्धत जुनीच. बर्फावर सुस्त केलेली माशी बारीक नळीत बसवायची, डोकं तेवढं बाहेर. थोडी उपाशी ठेवायची. मग वासाची झुळूक सोडून लगेच मिशांना साखरेचं पाणी लावायचं. ती सोंड काढते, थेंबभर पाजायचं. काही फेऱ्यांतच नुसत्या वासावर सोंड बाहेर येते. एवढ्याशा मेंदूत हे घडताना बघून मी अजूनही थक्क होते.

अडचण पुढे आहे. ॲसिटिलकोलीन हे मज्जापेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन. हे कीटकनाशक मज्जापेशींवरच्या ॲसिटिलकोलीनच्या ग्राहकांना (ते रसायन पकडणाऱ्या रेणूंना, म्हणजे रिसेप्टरना) चिकटतं. वास आणि आठवण यांची सांगड घालणाऱ्या पेशींवर हे ग्राहक असतात, हे ठीक. पण मिशांकडून मेंदूत येणारा वासाचा संदेशही ॲसिटिलकोलीनच पोचवतं. मग सोंड बाहेर आली नाही तर काय समजायचं? विसरली? वास पोचलाच नाही? गोडाची भूक मेली? की सोंड काढायचं त्राणच नाही? नळीतली माशी चारही वेळा सारखीच गप्प दिसते. सरसकट 'स्मृती बिघडली' असं लिहायला मन धजत नाही. हा फरक कसा ओळखायचा?

प्रतिसाद

शिकवण्याआधी आणि शेवटच्या चाचणीनंतर मिशांना ०.१ ते ३० टक्के असं चढत्या क्रमाने साखरेचं पाणी लावा, मधेमधे साधं पाणी. ३० टक्क्यांनाही सोंड न काढणारी माशी स्मृतीच्या हिशेबात धरू नका, पण अशा किती निघाल्या ते जरूर लिहा. तोही विषाचाच परिणाम असू शकतो.

एका गटाला विष शिकवण्याआधी द्या, दुसऱ्याला शिकवून झाल्यावर. दुसऱ्या गटाचं शिकणं आधीच झालेलं असतं, त्यामुळे त्यात फरक पडला तर तो शिकण्यातला नव्हे. चाचणी १ तासाने आणि २४ तासांनी, वेगवेगळ्या माश्यांवर घ्या. २४ तासांनी गप्प राहिलेलीला तोच वास पुन्हा शिकवून बघा. पटकन शिकली तर वास पोचतोय आणि सोंडही चालतेय, हे नक्की.

आणि कीटकनाशक ॲसिटोनमध्ये विरघळवत असाल तर तुलनेच्या गटालाही तेवढंच ॲसिटोन द्या. कुठल्या नळीत कुठला गट, हे सोंड मोजणाऱ्याला कळू देऊ नका.