मदत हवी आहे: सी ड्राइव्ह फॉरमॅट करूनही व्हायरस परत येतो, कॉम्प्युटर मुळापासून कसा पुसावा? (श्रीलिपी, डोंगल, एलबीपी २९००)

झेरॉक्स_कट्टा:
डीटीपी आणि झेरॉक्सच्या दुकानातला डेस्कटॉप आहे. आय३-२१२०, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १० प्रो ६४-बिट.

पेन ड्राइव्ह लावला की आतल्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात, मूळ फोल्डर गायब. टास्क मॅनेजर उघडला की आपोआप मिटतो. डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) बंद आहे आणि चालू होत नाही. सी फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकलं तरी थोड्या दिवसांत पुन्हा तेच सुरू होतं.

डी ड्राइव्हवर साधारण १८० जीबी माल आहे: लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच्या कोरल फायली, पेजमेकरच्या फायली, फॉन्ट, सगळ्या सॉफ्टवेअरचे सेटअप. श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) डोंगलवर (यूएसबीत लावायची लायसन्सची कळ) चालते, प्रिंटर कॅनन एलबीपी २९००. यातलं काय ठेवावं, काय टाकावं? आणि विंडोज १० च टाकावं की दुसरं काही?

निळा_पडदा:
उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: "सगळ्या सॉफ्टवेअरचे सेटअप डी वर". सॅलिटी, रॅमनिट, व्हायरट या जातीचे व्हायरस मशीनवरच्या ईएक्सई (प्रोग्रॅमच्या) फायलींमध्ये स्वतःला चिकटवतात, मग त्या सी वर असोत की डी वर. रॅमनिट तर एचटीएमएल (वेबपानाच्या) फायलीही सोडत नाही. तुम्ही सी पुसता, ताजं विंडोज टाकता आणि डी वरून प्रिंटरचा सेटअप डबल क्लिक करता. त्याच क्षणी घाण परत आत. "फक्त सी मारून देतो, डी ला हात लावत नाही" ही बाजारातली सर्रास पद्धत आहे आणि अशा मशीनसाठी तीच चुकीची आहे. डिस्क पूर्ण पुसायची आणि सेटअप एकही ठेवायचा नाही.

त्याआधी सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान बघा. 'डिजिटल लायसन्स' असं असेल तर नवं विंडोज त्याच बोर्डवर नेटला जोडताच स्वतः ॲक्टिव्हेट होईल. की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा आणि आवृत्ती प्रोच घ्या. 'संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसने ॲक्टिव्हेट केले' असं दिसलं, तर दुकानापुरता त्याचा अर्थ एकच: कुणीतरी केएमएस क्रॅक (विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट करणारा चोरटा प्रोग्रॅम) मारलेला आहे. तो चालवताना डिफेंडर बंद करायला सांगतात आणि सोबत काय येतं ते कुणी तपासत नाही. तसं असेल तर लायसन्स घ्या. नाहीतर पेन ड्राइव्हवाला व्हायरस गेला तरी दुसरा स्वतःच्या हाताने बसवाल.

बॅकअप चालू विंडोजमधून घेऊ नका. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई आवृत्ती उतरवा, रूफस या छोट्या प्रोग्रॅमने ८ जीबी पेन ड्राइव्हवर लिहा आणि त्यावरून बूट करा. बूट मेन्यूची कळ गिगाबाइटला एफ१२, आसूसला एफ८, एमएसआय आणि ॲसरॉकला एफ११. 'इन्स्टॉल' दाबायचं नाही, नुसतं लाइव्ह चालवायचं. विंडोजचा व्हायरस तिथे जागाच होत नाही, त्यामुळे बाहेरची डिस्क निर्धास्त लावता येते. विंडोज 'फास्ट स्टार्टअप'मध्ये बंद झालं असेल तर ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडेल. कॉपीसाठी तेवढं पुरतं, जबरदस्ती करू नका.

घ्यायचं ते: सीडीआर (कोरलच्या फायली), पेजमेकरच्या फायली, पीडीएफ, फोटो, एक्सेल, वर्ड, टीटीएफ फॉन्ट. सोडायचं ते: ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस, जेएस, बॅट, एलएनके (शॉर्टकट), ऑटोरन नावाची इन्फ फाइल, एचटीएमएल, आणि ज्या झिप-रारमध्ये सेटअप आहेत त्या. एच६१ ला स्वतःचं यूएसबी ३ नाही, त्यामुळे वेग सेकंदाला ३० एमबीच्या आसपास राहील. १८० जीबीला किमान पावणेदोन तास, बारीक फायली जास्त असतील तर त्याहून अधिक.

नट_बोल्ट:
लाइव्ह मिंटमध्ये आहातच तर 'डिस्क्स' ॲप उघडून हार्ड डिस्कचा स्मार्ट डेटा (डिस्कच्या तब्येतीची नोंद) बघा. 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचताना अडणारे भाग) शून्य नसेल, किंवा 'रीॲलोकेटेड सेक्टर' (खराब म्हणून बदललेले भाग) वाढत असतील, तर त्या डिस्कवर विंडोज टाकायचे कष्ट फुकट जातील. एवढ्या जुन्या डिस्कबाबत ही शक्यता मोठी आहे. कॉपी करताना मध्येच अडकणं, कट्-कट् आवाज हीही तीच खूण.

डिस्क ठीक असली तरी २४० जीबीचा साटा एसएसडी घालाच. एच६१ चे साटा पोर्ट ३ जीबीपीएसचे आहेत, म्हणजे एसएसडीचा निम्मा वेग मिळेल. तरी हरकत नाही, कारण विंडोज १० हार्ड डिस्कवर रखडतं ते बारीक बारीक फायली शोधण्यात, आणि तिथे एसएसडीला तोड नाही. बोर्डवर रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा असेल तर ४ जीबीची जुनी डीडीआर३ पट्टी टाका. कोरल आणि ब्राउझर एकत्र उघडले की ४ जीबी संपते.

टंकसाळ:
पुसण्याआधी डीटीपीवाल्यांनी एक गोष्ट करायचीच: सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स फोल्डर जसंच्या तसं उचला. श्रीलिपी, कृतिदेव यांत टाइप केलेला मजकूर युनिकोड (कुठल्याही फॉन्टमध्ये वाचता येणारा) नसतो. तोच फॉन्ट नसेल तर पत्रिकेत 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. लोकांना वाटतं फाइल खराब झाली. फाइल ठीक असते, फॉन्ट गेलेला असतो. त्यातही नाव तेच पण आवृत्ती वेगळी असा फॉन्ट घातला की एखाददुसरी जोडाक्षरं फिरतात, म्हणून नेटवरून उतरवण्यापेक्षा आपल्याच मशीनवरचे जपा.

डोंगलमध्ये लायसन्स असतं, ते डिस्क पुसल्याने जात नाही. पण श्रीलिपीचा सेटअप मूळ सीडीवरून किंवा विक्रेत्याकडूनच घ्या आणि डोंगल लावायच्या आधी त्याचा ड्रायव्हर टाका. टॅली असेल तर पुसण्याआधी टॅलीमधूनच लायसन्स 'सरेंडर' करा. तसंच पुसलंत तर ते जुन्या इन्स्टॉलेशनवर अडकतं आणि डीलरला फोन करावा लागतो.

६४-बिटबद्दल एक सूचना. नव्वदच्या दशकातल्या काही प्रोग्रॅमचे इन्स्टॉलर १६-बिटचे आहेत, ते ६४-बिट विंडोजवर उघडतच नाहीत. तरीही त्यासाठी ३२-बिट विंडोज टाकू नका. ४ जीबीतली साधारण सव्वातीन-साडेतीन जीबीच वापरात येईल आणि पुढे रॅम वाढवून उपयोग नाही.

पेंग्विन_पाटील:
विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठी २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षा चिप) आणि इंटेलची आठवी पिढी हवी. तुमचा प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा. अटी चुकवून टाकता येतं, पण पुढची अपडेट कधी अडतील याचा भरवसा नाही. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि या मशीनवर ते छान पळेल. माझं मत मिंट.

टंकसाळ:
मिंटवर श्रीलिपी, पेजमेकर, कोरल यांपैकी काय चालणार? आणि एलबीपी २९०० कॅनन स्वतःची कॅप्ट भाषा बोलतो; लिनक्सवर तो चालू करणं हा वेगळाच उपद्व्याप आहे. दुकान डीटीपीचं आहे, तिथे विंडोज लागणारच.

पेंग्विन_पाटील:
मान्य, मुख्य मशीनवर विंडोजच. मग मिंट दुसऱ्या जागी लावा: गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह घेणारं मशीन. कुठलाही भंगारातला ६४-बिट, २ जीबी रॅमचा कॉम्प्युटर चालेल. पेन ड्राइव्ह तिथे उघडायचा, हवी ती पीडीएफ किंवा फोटो नेटवर्कवरून मुख्य मशीनला द्यायचा. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर परके पेन ड्राइव्ह येतात, तुमच्या रोगाचं दुसरं दार तेच आहे. शॉर्टकट झालेल्या पेन ड्राइव्हमधला मूळ माल तिथे आयताच दिसतो. बऱ्याचदा तो बिननावाच्या लपवलेल्या फोल्डरात असतो. माल बाहेर काढायचा, शॉर्टकट आणि व्हीबीएस फाइल उडवायची.

झेरॉक्स_कट्टा:
सर्वांचे आभार. बॅकअप झाला, पेंडिंग सेक्टर शून्य आहेत. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेन ड्राइव्ह केला. सेटअपमध्ये सगळी पार्टिशन डिलीट केली, पण पुढे जात नाही. म्हणतं, डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, ईएफआय सिस्टिमवर जीपीटीच चालेल. डिस्क खराब आहे का?

निळा_पडदा:
नाही. बूट मेन्यूत तोच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एक नुसता (बूटची जुनी पद्धत) आणि एक 'यूईएफआय' लिहिलेला (नवी पद्धत, तिला डिस्कवर जीपीटी हे नवं पार्टिशन टेबल लागतं). तुम्ही दुसरा निवडलात. पार्टिशन डिलीट केली तरी कधीकधी डिस्कवरचं जुनं एमबीआर टेबल तसंच राहतं, म्हणून नकार. यूईएफआयच राहू द्या.

आधी कॅबिनेट उघडून दुसरी कुठली डिस्क असेल तर तिची साटा केबल काढा, बॅकअपची डिस्कही काढा. मग सेटअपच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. 'डिस्कपार्ट' टाइप करून एंटर, मग 'लिस्ट डिस्क'. ५०० ची डिस्क ४६५ जीबी दिसेल, पेन ड्राइव्ह ७ किंवा १४. आकार बघूनच 'सिलेक्ट डिस्क ०' करा (तुमच्याकडे आकडा वेगळा असू शकतो), मग 'क्लीन'. ही आज्ञा खात्री विचारत नाही, लगेच पुसते. टेबल आणि बूट सेक्टर दोन्ही जातात, त्यामुळे बूट सेक्टरमध्ये दडलेलं काही असलं तर तेही गेलं. 'क्लीन ऑल' पूर्ण डिस्कवर शून्यं लिहितं, ५०० जीबीला दीड-दोन तास किंवा जास्त. ते मशीन विकायचं असेल तेव्हा करा, आता गरज नाही.

खिडकी बंद करा, 'रिफ्रेश' दाबा, पूर्ण जागा 'अनॲलोकेटेड' दिसेल. १५० जीबीचं पार्टिशन करून त्यावर टाका, उरलेल्याचं डी नंतर करा. पहिल्या रीस्टार्टला कुठलीही कळ दाबू नका. पेन ड्राइव्हवरून पुन्हा बूट झालं की सेटअप पहिल्यापासून सुरू होतो आणि लोक त्या चक्रात अडकतात.

नट_बोल्ट:
डिस्कपार्टच्या आधी बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय आहे ना ते बघा. तो आयडीई (जुनी पद्धत) असताना विंडोज टाकलं आणि नंतर बदललं तर निळा पडदा येतो. तारीखही बघा. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला असेल तर प्रत्येक वेळी तारीख मागे जाते, बायोस मूळ सेटिंगवर येतं, आणि नव्या विंडोजमध्ये प्रत्येक वेबसाइट 'सर्टिफिकेट चुकीचं' म्हणते. लोक त्यालाही व्हायरस समजतात. सेल बदला, किरकोळ काम आहे.

निळा_पडदा:
विंडोज आल्यावर क्रम असा ठेवा: नेट जोडून अपडेट संपू द्या, डिफेंडर अद्ययावत होऊ द्या, मगच बॅकअपची डिस्क लावा. लावल्यावर काही उघडण्याआधी तिचं पूर्ण स्कॅन. दुसरा अँटीव्हायरस त्यावर चढवू नका, तो आला की डिफेंडर सहसा स्वतःच बाजूला होतो. फाइल एक्सप्लोररमध्ये फायलींची शेपटं (ईएक्सई, पीडीएफ अशी) आणि लपवलेल्या फायली दिसतील असं करा, म्हणजे फोल्डरचं चित्र लावलेली ईएक्सई ओळखू येते. कॅननचा ६४-बिट ड्रायव्हर त्यांच्याच साइटवरून घ्या. रोजच्या कामाला साधं खातं, ॲडमिन वेगळं.

या मशीनवरून नेट बँकिंग, महाडीबीटी किंवा जीमेल उघडलं असेल तर ते सगळे पासवर्ड मोबाइलवरून आजच बदला आणि जीमेलमध्ये 'सर्व उपकरणांतून साइन आउट' करा. चोरलेलं लॉगिन नुसता कॉम्प्युटर पुसून रद्द होत नाही. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर बँकेला कळवा आणि १९३० वर लगेच तक्रार नोंदवा.

झेरॉक्स_कट्टा:
क्लीन केल्यावर सेटअप पुढे गेला, विंडोज लागलं, डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेटही झालं. डिफेंडरला बॅकअपमध्ये पेजमेकर फोल्डरातल्या दोन डीएलएल आणि एक जुना कीजेन (बनावट की बनवणारा प्रोग्रॅम) सापडला. डीएलएल दुरुस्त करून वापरू का?

निळा_पडदा:
नको. डीएलएलही प्रोग्रॅमच असते, ती यादीत लिहायला हवी होती. तिन्ही उडवा, पेजमेकर मूळ सीडीवरून टाका, आणि त्या फोल्डरातून फक्त तुमच्या कामाच्या फायली वेगळ्या काढून घ्या.